हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळं

कुपोषित मूल सहसा निव्वळ उपासमारीने दगावत नाही. ते जुलाबाने जातं, न्यूमोनियाने जातं, गोवराने जातं. मृत्यूच्या नोंदीत आजाराचं नाव लागतं आणि कुपोषण त्याच्या आड दडून राहतं. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या बालमृत्यूंची चर्चा निघाली की म्हणूनच तोच वाद दरवेळी उभा राहतो. यंत्रणा म्हणते, मूल आजाराने गेलं. कार्यकर्ते म्हणतात, भुकेने गेलं. दोघंही अर्धंच सांगत असतात. भूक आणि आजार या दोन्हींची गाठ जिथे पडते, ती जागा म्हणजे मुलाचं आतडं. आणि आपल्या पोषण योजनांमध्ये नेमका त्याचाच विचार झालेला नाही.

अंगणवाडीतल्या मुलाला रोज किती मिळावं, याचा हिशेब आपण वर्षानुवर्षं दोन आकड्यांत केला: ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. हे आकडे गरजेचे आहेत, त्यांना माझा विरोध नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की पोटात घातलेलं अन्न अंगी लागतंच. ज्या मुलाचं आतडं सुजलेलं आहे, ज्याच्या आतड्यातले जिवाणू वयाच्या मानाने वाढलेलेच नाहीत, त्याच्या बाबतीत ते गृहीत चुकतं. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाविषयी आपल्याकडे सहज बोललं जातं, की खातो पण अंगी लागत नाही. सरकारी निकषांत मात्र या साध्या अनुभवाला जागा मिळालेली नाही.

माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जिवाणू साधारण ३८ लाख कोटी, असा हिशेब इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. त्याआधी ‘एकास दहा’ असं सर्रास छापलं जायचं, ते चूक होतं. पण बरोबरीचा हा हिशेबही थोडा नाही. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे डाळींची सालं, भाज्यांचे तंतू, कच्च्या केळ्यातला न पचणारा पिष्टपदार्थ, हे त्यांचं अन्न. ते खाऊन जिवाणू जी आम्लं सोडतात त्यांतलं एक म्हणजे ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या आतल्या थराच्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात.

याचा प्रतिकारशक्तीशी संबंध अगदी थेट आहे. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा एक मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो, कारण बाहेरच्या जगाशी सतत संपर्क तिथे येतो. कोणावर तुटून पडायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, हे या पेशी जन्मतः पुरतं शिकून आलेल्या नसतात. जिवाणू नसलेल्या निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांमध्ये आतड्यातल्या प्रतिकारपेशींच्या गाठी नीट वाढत नाहीत, आणि आतड्यात पाझरून रोगजंतूंना अडवणारं आयजीए हे प्रतिपिंड फार कमी तयार होतं. दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशी ब्युटिरेटच्या प्रभावाखाली वाढतात, हे २०१३ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. म्हणजे चांगले जिवाणू प्रतिकारशक्ती नुसती ‘वाढवत’ नाहीत, तर तिला आवरायलाही शिकवतात. सतत पेटलेली प्रतिकारशक्ती मुलाच्या वाढीसाठी लागणारी ऊर्जा आणि प्रथिनं स्वतःच खाऊन टाकते.

आता ढाक्याला जाऊ.

ढाक्यातली आयसीडीडीआर,बी ही जुलाबाच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था आपल्या पिढीजात ओळखीची असायला हवी. जुलाबावर मीठ-साखर-पाण्याचं द्रावण तोंडाने देऊन रुग्ण वाचवता येतो, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस जिथे सिद्ध झालं, त्या कॉलरा प्रयोगशाळेतूनच ही संस्था उभी राहिली. पुढे १९७१ च्या निर्वासित छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेच द्रावण हजारोंना पाजलं आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणलं. याच संस्थेत तहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या सेंट लुइसचे जेफ्री गॉर्डन यांनी गेली अनेक वर्षं कुपोषित मुलांच्या आतड्यातले जिवाणू तपासले आहेत.

त्यांना सापडलं ते असं. निरोगी मुलाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरावीक क्रमाने बदलत जाते. सुरुवातीला आईच्या दुधावर पोसणारे बिफिडोबॅक्टेरिया, मग वरचं अन्न सुरू झालं की वनस्पतीजन्य तंतू फोडणारे जिवाणू. ढाक्यातल्या तीव्र कुपोषित मुलांमध्ये ही वस्ती वयाच्या मानाने लहानच राहिलेली दिसली. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात त्याच्याहून बऱ्याच लहान बाळाचे जिवाणू, असं काहीसं. त्याहून वाईट गोष्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली: उपचाराच्या आहाराने मुलांचं वजन वाढलं, जिवाणूंची वस्तीही थोडी सुधारली, पण आहार थांबल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा मागे गेली. आपल्याकडच्या कोणत्याही अंगणवाडी सेविकेला हे ऐकून नवल वाटणार नाही. व्हीसीडीसीतून, म्हणजे ग्राम बाल विकास केंद्रातून, ‘मॅम’मध्ये (मध्यम कुपोषणात) आणलेलं मूल पावसाळ्यानंतर पुन्हा ‘सॅम’मध्ये (तीव्र कुपोषणात) गेलेलं तिने पाहिलेलं असतं. दंडाभोवती पट्टी गुंडाळायची, ११.५ सेंटिमीटरच्या आत काटा आला की लाल, १२.५ पर्यंत पिवळा. मार्चमध्ये हिरव्याच्या जवळ गेलेला तोच दंड ऑक्टोबरमध्ये लाल दाखवतो, आणि आईने खायला घातलं नाही असा ठपका घरावर येतो.

मग ढाक्यातल्या गटाने वेगळा प्रश्न विचारला: मुलाला काय खायला द्यावं, याबरोबरच त्याच्या जिवाणूंना काय खायला द्यावं? स्थानिक बाजारात मिळणारे, लोकांच्या जिभेवरचे पदार्थ घेऊन आधी प्राण्यांवर, मग थोड्या मुलांवर तपासणी झाली. त्यातून जे मिश्रण निघालं त्यात हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणा, सोयाबीनचं पीठ आणि कच्च्या केळ्याचा गर होता. सोबत थोडी साखर आणि तेल. २०२१ मध्ये ढाक्यातल्या मिरपूरच्या झोपडपट्टीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांवर त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला हे मिश्रण, दुसऱ्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर, साखर आणि तेल यांचा प्रचलित पूरक आहार. तीन महिने चाललेली ही चाचणी ११८ मुलांनी पूर्ण केली. नव्या मिश्रणात कॅलरी सुमारे १५ ते २० टक्क्यांनी कमी होत्या, तरी त्या गटातल्या मुलांचं वजन अधिक वेगाने वाढलं. रक्तात हाडं, मेंदू आणि वाढीशी संबंधित प्रथिनं वाढली, दाहाच्या खुणा उतरल्या, आणि वजनवाढीशी जोडलेले जिवाणूही वाढले. त्या तीन महिन्यांत उंचीत तसा फरक पडलेला दिसला नाही.

कॅलरी कमी आणि वाढ जास्त. आपल्या पोषण योजनांचा सगळा हिशेब ज्या पायावर उभा आहे, त्या पायालाच हे निरीक्षण हात घालतं.

आता हे चार पदार्थ पुन्हा वाचा आणि महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. सोयाबीन विदर्भ-मराठवाड्याचं. हरभऱ्यात आपण देशात पुढच्या रांगेत. केळी जळगावची, रावेर-यावलची. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तळोदा-शहाद्याच्या बाजूला केळीच्या बागा आहेत आणि वर डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, राज्यातली सर्वांत अशक्त मुलं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश निघाली. चौथ्या फेरीतही कृश मुलं २५.६ टक्केच होती. मधल्या पाच वर्षांत किती मोहिमा झाल्या, किती पाकिटं वाटली गेली, आणि हा आकडा जागचा हललाही नाही. इतका खर्च करून आकडा तिथेच राहत असेल, तर पाकिटात काय आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आपल्याकडच्या पाड्यावरच्या मुलांचं आतडं ढाक्याच्या मुलांसारखंच वागेल, असं मी म्हणत नाही. मिरपूर हे दाट शहर, मेळघाट हे विखुरलेलं रान. पाणी वेगळं, धान्य वेगळं, आईचा आहार वेगळा. पण एक दुवा फार बोलका आहे. भारतीयांच्या, विशेषतः वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला या जिवाणूंचं प्रमाण मोठं असतं. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने केलेल्या कामातही ते पुढे आलं. आणि ढाक्यातल्या चाचणीचा पुढचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मिश्रणातल्या तंतूंचा फडशा पाडणारे आणि वजनवाढीशी जोडलेले जिवाणू म्हणून प्रिव्होटेलाच्याच एका प्रजातीचे वाण ओळखले गेले. ज्या जिवाणूंना खायला घालून ढाक्यातली मुलं सुधारली, त्यांचे भाऊबंद आपल्या मुलांच्या पोटात असण्याची शक्यता चांगली आहे. प्रश्न आहे तो त्यांना पोसण्याचा.

इथे एक धोका वेळीच सांगायला हवा. ‘जिवाणू’ हा शब्द धोरणात शिरला की औषध दुकानातली प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जिवाणूंची, पुडी अंगणवाडीत शिरायला वेळ लागणार नाही. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. शहरात आज आतड्याच्या आरोग्याची जी चर्चा चालते ती बहुतांश या पुड्यांची, महागड्या दह्याच्या डब्यांची आणि कोंबुचाच्या बाटल्यांची असते. वाइझमन संस्थेच्याच २०१८ च्या एका अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांची मूळ जिवाणूवस्ती पूर्ववत व्हायला उलट जास्त वेळ लागला. बाहेरून आणलेले जिवाणू सरसकट उपकारक असतात, हे सिद्ध झालेलं नाही. नेमका वाण, नेमकं वय, नेमका उपयोग ठरवून चाचणी केली तर मात्र चित्र वेगळं दिसतं. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम या जिवाणूचा एक वाण आणि त्याचं खाद्य असलेली एक साखर, हे सात दिवस तोंडाने दिलं. पहिल्या साठ दिवसांत जंतुदोष आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही बाळं आईच्या दुधावर होती, पुरेशा वजनाची आणि जवळपास पूर्ण दिवसांची होती, म्हणजे निकाल सगळ्याच बाळांना लागू करता येणार नाही. पण संशोधन करायचं तर असं, हजारो बाळांवर, नियंत्रित गट ठेवून. जाहिरातीवरून खरेदी करून नव्हे.

आईच्या दुधाचीही एक गोष्ट इथे यायला हवी, कारण सृष्टीने हा विचार आपल्या आधी केलेला आहे. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल एका प्रकारच्या जटिल शर्करा असतात. बाळाला त्या पचत नाहीत. त्या आहेत बिफिडोबॅक्टेरियासाठी. आई बाळाला पाजते तेव्हा ती त्याच्या पोटातल्या वस्तीलाही पाजत असते. म्हणून पहिल्या तासात चिकाचं दूध, सहा महिने दुसरं काही नाही, गुळपाणी नाही, मध नाही, घुटी नाही, या आग्रहाला पोषणाइतकाच प्रतिकारशक्तीचा आधार आहे. आशाताई हे घरोघर सांगतात. त्यांच्या हातात दिलेल्या तक्त्यावर हे कारण लिहिलेलं असतं तर सासूबाईंना पटवणं थोडं सोपं गेलं असतं.

प्रतिजैविकांचा भाग अवघड आहे आणि तो सोपा करून सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. पाड्यावर मुलाला जुलाब झाले की पहिला सल्ला बहुधा विनापरवाना डॉक्टरचा असतो, आणि पिशवीत एखादं प्रतिजैविक येतंच. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला ओआरएस आणि झिंक लागतं, प्रतिजैविक नाही. मुळातच दुबळी असलेली वस्ती प्रत्येक अशा डोसाने आणखी उजाड होते. २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतल्या एच-वन सूचीने अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद सक्तीची केली. ग्रामीण बाजारपेठेत ही नोंद किती होते, हे कोणत्याही आठवडी बाजाराच्या गावात जाऊन पाहावं. पण दुसऱ्या टोकाला, मलावीतल्या तीव्र कुपोषित मुलांवरच्या २०१३ च्या चाचणीत उपचाराच्या आहारासोबत प्रतिजैविक दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू कमी झाले. जे मूल मृत्यूच्या दारात आहे त्याला औषध द्यावंच लागतं. माझा आक्षेप सरसकट उधळणीला आहे, तज्ज्ञाने विचार करून लिहिलेल्या चिठ्ठीला नाही. आणि औषध संपल्यावर त्या मुलाची आतड्यातली वस्ती पुन्हा उभी करणं हाही उपचाराचाच भाग आहे, तो आपण सोडून दिलेला आहे.

कोणी म्हणेल, आधी संडास आणि नळ द्या, जिवाणूंचं नंतर पाहू. पाणी आणि संडास हवेतच, मुलाच्या हक्काचे म्हणून हवेत. पण बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत पाणी-संडास-हातधुणी यांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८-१९ मध्ये आले तेव्हा मुलांची उंची त्याने वाढलेली दिसली नाही. एकदा सुजून मागे पडलेलं आतडं नुसत्या स्वच्छतेने पूर्वपदावर येत नाही. लसींच्या बाबतीतही हीच अडचण दिसते. आपली रोटाव्हॅक ही तोंडाने द्यायची लस दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे तपासली गेली. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस जुलाबापासून तिने साधारण ५६ टक्के संरक्षण दिलं. श्रीमंत देशांत अशा लसींचं संरक्षण ८५ टक्क्यांच्या वर जातं. या फरकाची कारणं अनेक आहेत, पण सुजलेलं आतडं आणि त्यातली जिवाणूंची वस्ती यांवर संशोधकांचा संशय आहे. लस तीच, आतडं वेगळं.

अंडं काढून केळं घाला, असा याचा अर्थ कोणी काढू नये. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या मुलांना मिळणारं अंडं राहिलंच पाहिजे. वाढीसाठी लागणारी प्रथिनं त्यातून जशी मिळतात तशी दुसरीकडून सहज मिळत नाहीत. बोलायचं आहे ते घरी नेण्याच्या टीएचआरच्या पाकिटाविषयी आणि व्हीसीडीसीतल्या आहाराविषयी. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने अन्न सुरक्षा कायद्यातले पोषण निकष सुधारले, कॅलरीपलीकडे आहारातल्या वैविध्याचा विचार केला. दार उघडलेलं आहे. त्यातून आत जायला राज्याला कोणाची परवानगी लागू नये.

अडचण पैशाची आहे, हे खरं. २०१७ मध्ये ठरलेला दर दिवसाला मुलामागे ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. एवढ्यात चांगलं काही करणं मुश्किलच. तो वाढवायला हवा. पण हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चं केळं ही काही बदाम-पिस्त्याची यादी नाही. अडचण दुसरी आहे ती ठेकेदारीची. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, बचत गट आणि महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं. कच्च्या केळ्याचा गर दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यातून महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पाकिटात येणार नाही. तो जवळ शिजवावा लागेल: केळी सालीसकट उकडायची, सोलून कुटायची, भाजलेल्या हरभऱ्याच्या आणि सोयाबीनच्या पिठात मळायची, वरून शेंगदाण्याचा कूट. केळं पिकलं की त्यातल्या न पचणाऱ्या पिष्टाची साखर होते, म्हणून ते कच्चंच हवं, आणि म्हणूनच बागेपासून चुलीपर्यंतचं अंतर कमी हवं. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, मुलांच्या वाढीला ते घातक आहे. तेव्हा प्रत्येक तालुक्याला दाणे तपासण्याची सोय हवी, ओलसर पोती सरळ परत पाठवण्याचा अधिकार गटातल्या बायकांना हवा.

महिला व बालविकास विभागाने धडगाव, अक्कलकुवा, धारणी आणि चिखलदरा हे चार तालुके घ्यावेत. निम्म्या व्हीसीडीसींत आजचा आहार, निम्म्यांत हे मिश्रण, कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं. तीन महिने आहार, पुढे निदान दोन पावसाळे पाठपुरावा, कारण खरी परीक्षा पावसाळ्यातच होते. शौचाचे नमुने पुण्यात तपासता येतात, त्यासाठी सेंट लुइसला जायची गरज नाही. मुलांची वजनं, उंची, दंडघेर, आजारपणाचे दिवस, सगळं मोजावं आणि निकाल काहीही आला तरी जाहीर करावा, मिश्रण हरलं तरीही. नमुने ज्यांच्या मुलांचे घेतले त्या आयांना पावरीत, भिलीत, कोरकूत बसून सांगावं, की तुमच्या मुलाच्या पोटात काय सापडलं आणि आम्ही त्याला काय खायला दिलं.